कंडक्टर मामांची गाठ

आमचे कंडक्टर मामा सख्ख्या बहिणीनं दिलेला चहासुद्धा आधी हुंगत. माझी आई भडकायची, "मी काय त्यात जहर कालवलंय का?" मामा थंडपणे म्हणत, "तू न्हाई गं. दूधवाल्याचं काय सांगावं?" एसटीच्या नोकरीनं माणूस असा झाला, असं सगळे म्हणत. मामी मात्र सांगायची, की लग्नात गळ्यात पडलेला हारही त्यांनी उलटसुलट करून तपासला होता, आणि तेव्हा तर नोकरीही लागली नव्हती!

हिंगोली ते आखाडा बाळापूर गाडीत अर्ध्या तिकिटाचं पोरगं दिसलं, की मामा त्याचं वय कधीच विचारत नसत. लाडानं विचारत, "कितवीला हायेस रे?" पोरगं छाती फुगवून म्हणे, "आठवीला!" आणि आईचा चेहरा पडे. "आईबाप खोटं बोलतेत, लेकरू फुशारकी मारतं," मामा सांगत. "मी फुशारकीवर तिकीट फाडतो."

मी पुण्याला प्रयोगशाळेत लागले, तेव्हा बाळापूरच्या घरी माझीही उलटतपासणी झाली. मी समजावलं, की मेंदूच्या गाठीतल्या जिवंत पेशी जेलमध्ये कालवायच्या, यंत्रानं थरावर थर देत त्यांचा इवलासा तुकडा छापायचा आणि औषधं आधी त्याच्यावर करून बघायची.

"छापायचा? नोटावाणी?"

"तसंच समजा."

"मंग नकली बी निघत असंल."

मी कबूल केलं, आमच्या साहेबांची झोप त्याच धास्तीनं उडते. छापलेला तुकडा खऱ्या गाठीसारखा वागेल कशावरून? हे ऐकून मामा भलतेच खूश झाले. "म्हंजे तुमी बी शंकेचाच पगार खाऊन राहिले की!"

पुढे त्यांचं डोकं दुखू लागलं, हातातून कप सुटू लागले. पहिला संशय चष्मेवाल्यावर गेला. तपासणीत मेंदूत गाठ निघाली. आमच्या प्रयोगशाळेला लागूनच दवाखाना आहे, तिथं मी त्यांना आणलं. ऑपरेशन ठरलं आणि तिथल्या सिस्टरनं रीतसर विचारलं, काढलेल्या गाठीतला तुकडा संशोधनाला द्याल का? नाव काढून टाकतात, फक्त नंबर राहतो.

झालं! "नाव काहून काढता? बिननावाचा माल चोराचा असतो." त्यात नियम असा, की नात्यातल्या माणसानं हे विचारायचं नाही, म्हणून मी गप्प. तेही त्यांना खटकलं. सिस्टरला म्हणाले, "ही पोरगी ह्येच काम करते, मंग हीच काहून गप? हिला कायतरी ठाऊक हाय."

मला तो तुकडा हवा होता का? होता. तशी गाठ आमच्याकडे क्वचित येते. पण त्याहून जास्त हे हवं होतं, की ह्या माणसानं सगळ्या जगावर संशय घ्यावा, निदान माझ्यावर घेऊ नये. लहानपणापासून त्यांच्या अंगाखांद्यावर खेळले होते हो मी!

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी वरणभात घेऊन गेले. मामांनी डबा बाजूला सारला. "खरं सांग. तू माझ्यासाठी येऊन राहिली, का गाठीसाठी?"

माझं टाळकंच फिरलं. "गाठ गेली खड्ड्यात! नका देऊ कुणाला. आधी जेवा, गार होतंय!" म्हणता म्हणता रडूच फुटलं. पासावरचा फोटो आणि समोरचा माणूस ताडून बघावा, तसे मामा माझ्याकडे बघत राहिले. मग डबा ओढून घेतला आणि सगळा भात संपवला. सकाळी सिस्टरला म्हणाले, "घ्या तुकडा. हिनं मागितला असता तर दिला नसता."

ऑपरेशन नीट झालं. घरी गेल्यावर मामा डोक्यावरचा व्रण चाचपत डॉक्टरांवर संशय घेत. "एवढीशी चीर, आन् म्हणे सगळी काढली! मला न्हाई वाटत." आम्ही हसायचो. नेमकी हीच शंका खरी निघायला नको होती. गाठ पुन्हा वाढली आणि मामा गेले.

काही महिन्यांनी मामी दवाखान्याच्या कागदांसाठी पुण्याला आली. कागद मिळाले, तरी जायला उठेना. म्हणाली, "दाखव मला." परवानगी काढून तिला आत नेलं. उबेच्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या काचेमागं चपट्या डब्यांच्या रांगा होत्या, डब्यांत गुलाबी पाणी आणि त्यात छापलेले तुकडे.

"ह्यातले आपले कोणते?"

"मामी, मला माहीत नाही. नुसते नंबर असतात. मला ते कळू द्यायचं नाही, असा नियमच आहे."

"खोटं बोलून राहिली तू."

"नाही गं. खरंच माहीत नाही."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "मंग औषधपाणी कोणाचं नीट करते?"

"सगळ्यांचंच करावं लागतं."

मामीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, काचेजवळ गेली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या डब्यांकडे बघत हात जोडले.

"जयभीम," ती म्हणाली. "येते मी."