काळा धूर आणि पुनर्वसनाचा प्रश्न

ताईचा साखरपुडा मोडता मोडता राहिला, त्याला माझी तत्त्वं कारणीभूत आहेत असं घरच्यांचं म्हणणं आहे. मी मात्र व्यवस्थेला जबाबदार धरते.

आमच्या कोलशेतच्या घरात उंदीर शिरला आणि आईने त्याच्यासाठी तो चिकट पुठ्ठा आणला. मी पुठ्ठा तिच्या हातातून ओढून घेतला. "आई, त्यालाही जगायचा हक्क आहे!"

"मग तू कांदे-बटाटे तुझ्या खोलीत ठेव," आई म्हणाली.

शेवटी पिंजरा लावला. उंदीर सापडला. बाबा म्हणाले, "बाय, लांब खाडीकडे सोडून ये." पण मी तेव्हा दिवा गावातल्या भाडेकरूंसाठी पत्रक लिहिलं होतं आणि त्यात ठणकावून सांगितलं होतं, की कुणालाही मूळ जागेपासून लांब हाकलता कामा नये. मग माणसाला एक न्याय आणि उंदराला दुसरा? मी त्याला खालीच सोडलं, बाबांच्या डिझेल गाडीशेजारी. (वर मूठ आवळून त्याला निरोपही दिला. वॉचमनने पाहिलं.)

थोड्याच दिवसांत गाडी काळा धूर सोडायला लागली. साधासुधा नाही! बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला, की मागच्या रिक्षावाल्याचा चेहरा दिसेनासा व्हायचा, फक्त शिव्या ऐकू यायच्या. आणि रविवारी याच गाडीतून डोंबिवलीला साखरपुड्याला जायचं होतं. होणारे व्याही शिस्तीचे. ताईला पाहायला आले तेव्हा आमच्या पंख्यावरची धूळसुद्धा त्यांनी बघून ठेवली होती.

"गाडी गॅरेजला टाका ना," ताई रडकुंडीला आली.

"गॅरेजवाला काय मोठा शहाणा? इंजेक्टर आहे. सरळ इंजेक्टर," असं म्हणून बाबांनी टाकीत कसलीशी बाटली ओतली. धूर तसाच.

"भेसळ!" मी गरजले. "सामान्य माणसाच्या टाकीत भेसळीचं डिझेल!" मी बाबांना ओढत माजिवड्याच्या पंपावर नेलं आणि सगळ्यांसमोर डिझेलची घनता मोजायला लावली. घनता बरोबर निघाली. तोवर माझी मात्र डिकीतल्या गठ्ठ्यांमधली पत्रकं रांगेतल्या सगळ्यांना वाटून झाली होती. (पत्रक घरांबद्दल होतं, डिझेलबद्दल नव्हतं. पण अन्याय शेवटी एकच असतो.)

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "बर्नरची भोकं बुजली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं पडतं. हवा मिळत नाही त्याला. गाडीच्या नाकात काय अडकलंय ते बघा की."

"अगं, हे इंजिन आहे, पातेलं नाही!" मी आणि बाबा एकदमच म्हणालो. आमचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.

रविवारी माजिवड्याचा पूल चढताना गाडी म्हातारीसारखी धापा टाकत होती. मागे बघायची कुणाची हिंमत नव्हती. डोंबिवलीच्या हॉलच्या दारात व्याही स्वतः स्वागताला उभे होते. पांढराशुभ्र झब्बा, हातात गुलाबपाण्याची झारी. गाडी नीट लावावी म्हणून बाबांनी रिव्हर्स टाकला आणि दिला जोर!

धूर विरला तेव्हा व्याह्यांचे फक्त डोळे पांढरे उरले होते.

व्याह्यांनी झारी खाली ठेवली. मग व्याही शांतपणे म्हणाले, "बॉनेट उघडा."

"इंजेक्टर आहे," बाबा पुटपुटले.

"भेसळ," मी म्हटलं, पण हळू.

"नाक बघा," आई म्हणाली.

व्याह्यांनी एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. झाकण उचललं, आणि आतून आमचा कॉम्रेड टुणकन उडी मारून हॉलच्या भटारखान्याकडे पळाला! करवल्या खुर्च्यांवर. भटजी टेबलावर. डब्यात, फिल्टरवर, कागदाच्या चिंध्यांचं मऊ मऊ घर. व्याह्यांनी एक चिंधी उचलली आणि चष्मा पुसून मोठ्याने वाचली, "'हक्काचं घर प्रत्येकाला मिळालंच पाहिजे! आजच कामाला लागा!' खाली नाव आहे. मुक्ता. कोण ही मुक्ता?"

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. डिकीतले माझे गठ्ठे! दिव्यात दारोदार फिरून मी जे कुणाच्या गळी उतरवू शकले नव्हते, ते एका वाचकाने मात्र शब्दशः अमलात आणलं होतं.

ताईने माझा दंड असा चिमटला, की अजून निळा आहे.

व्याह्यांनी मला न्याहाळलं. मग ताईकडे वळून गंभीरपणे विचारलं, "लग्नानंतर ही तुझ्याबरोबर येणार नाही ना राहायला?"

"नाही! शपथ!" ताई ओरडली.

"मग हरकत नाही." आणि काळ्या चेहऱ्यातून पांढरे दात चमकले. "पण आधी ते बिऱ्हाड काढा. जिने वसवलं तिनेच."

आणि मी, पर्यायी जागा न देता, नोटीस न बजावता, भर दुपारी, सनईच्या सुरात, एक राहतं घर दोन्ही हातांनी उपटून पत्रावळींच्या ढिगावर फेकलं. वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. गाडी स्वच्छ श्वास घेऊ लागली.

परत येताना मला फार अपराधी वाटलं. या अमानुष कारवाईचा जाहीर निषेध करावा म्हणून मी डिकी उघडली, तर एकही पत्रक शिल्लक नव्हतं. सगळी बांधकामात गेली होती.