पाट्या निराळ्या, शेठ एकच

कोळशाच्या ग्यासवर चालणारी सर्व्हिस मोटर मिरजगावच्या रस्त्यावर धडधडत उभी होती आणि कारखान्यात नोकरीला निघालेल्या माझ्याकडं आब्बा बघतसुद्धा नव्हते. गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई लावणारा माणूस, कर्जतपर्यंत लोक हाका मारून बोलवायचे. मोटर हलताना एवढंच म्हणाले, "जेवाया मिळंल का ते इचारू नगं. परत येऊ देत्यात का, तेवडं इचारून घे." मला असा राग आला! लढाईचे दिवस, कथील मिळेना, कल्हई काय राखेनं करायची? त्या रागात मी वळूनही पाहिलं नाही.

कारखाना साखरेचा, उत्तरेला कालव्याच्या पट्ट्यात. तांब्या-पितळेत हात बसलेला, त्यामुळं लवकरच फिटर झालो. तुम्हा भाऊबंदांशी खोटं कशाला बोलू, सुरुवातीला लई बरं वाटलं. पक्की खोली, नळाचं पाणी, दवाखाना. दुकान शेठचं, शाळा शेठची, उसाची छोटी रेल्वेसुद्धा शेठची. मुंबईला त्यांची कापडाची मिल, शिवाय विम्याची कंपनी. गोऱ्या सरकारनं त्या माळावर कधी खडा टाकला नसता. शेठनं कारखाना काढला म्हणून तिथं दिवे लागले, हे मी आजही नाकारत नाही.

पण पाहुणा आणायचा तर परवानगीची चिठ्ठी, गावाला जायचं तर चिठ्ठी. बकरीद येई ती नेमकी गाळपाच्या हंगामात. "हंगामात रजा? भलतंच!" म्हणून म्यानेजरसाहेब चिठ्ठी परत करायचे. दोन बकरीदी मी बॉयलरपाशी काढल्या.

मग आब्बांचं पत्र आलं, मास्तरांकडून लिहून घेतलेलं. डोळ्यांनी दिसंना झालंय, निखारा चाचपून बघावा लागतो. वाचून माझं जेवण गेलं. काहीही करून गावाजवळ जायचं, असं ठरवलं.

नगरला लोखंडी सामानाचा एक कारखाना होता, पाटीवर नाव पार वेगळं. तिथं मी गुपचूप अर्ज केला. वर शहाणपणा करून लिहिलं, 'इथे जीव गुदमरतो, आपण सोडवावे.' पंधरा दिवसांनी म्यानेजरसाहेबांनी बोलावलं, तर टेबलावर माझाच अर्ज! नगरचा कारखानाही शेठचाच निघाला. त्यांच्या घरची रीतच तशी. एका कारखान्याच्या माणसानं दुसऱ्याकडं अर्ज केला, तर कागद आधी पहिल्याकडं यायचा. दुसऱ्या शेठ लोकांशीही तसंच ठरलेलं, म्हणे.

साहेब रागावले नाहीत, हसले. "वडलांसाठीच ना? मग वेड्या, त्यांनाच इकडं आण. कँटीनची भांडी आहेत, जमेल तशी कल्हई लावतील."

मी मिरजगावला गेलो, आब्बांना आणलं.

ते कुरकुरले नाहीत. फक्त दर जुम्म्याला नमाज झाली की विचारायचे, "मिरजगावला कवा जायाचं?" मी म्हणायचो, "हंगाम संपू द्या, आब्बा." हंगाम संपला की यंत्रांची दुरुस्ती निघायची. दुसऱ्या वर्षी भर गाळपात आब्बा गेले.

कापडावर सरकारचा कंट्रोल होता, कफनाला कापड मिळेना. साहेबांनी शेठच्या मिलचा मांजरपाट पाठवला. मिरजगावला न्यायला मोटर नव्हती, तर शेठच्या मळ्यातला कोपरा कबरीसाठी दिला. मी साहेबांचे हात धरून रडलो, शुक्रिया म्हणालो, अगदी मनापासून. त्याची चीड मला आजही येते, आणि कुणावर काढावी ते कळत नाही.

आता स्वराज्य आलं. तुम्ही लिहिता, कसली भीती, निघून ये, आपलं घर आहे. आहेच रे. साहेबही बदलले, नवे साहेब म्हणतात, जायचं तर जा. मला सोडतील ते. पण मी हाताला धरून इथं आणलेल्या आब्बांना आता कसं सोडवू?