टाचेवरच्या गाठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसात साहेबांनी कुणाला काय झापलं तेसुद्धा रोज सांगतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असेल. दुसरं काही सुचत नाही.

सुरुवात वडिलांपासून करतो. त्यांच्यापासून केली की माझी पाळी जरा उशिरा येते.

वडील बार्शीकडचे. मार्केट यार्डात हमाली करायचे आणि आम्ही बिबवेवाडीच्या चढावर दोन खोल्यांत राहायचो. त्यांच्या दोन्ही टाचांच्या वर, मागच्या बाजूला ती जाड शीर असते ना, तिथे गाठी होत्या. चिंचोक्यासारख्या, टणक. आई म्हणायची, "कष्टाच्या गाठी हायेत त्या." मी कॉलेजात गेलो तोवर माझ्याही टाचेवर तशीच गाठ उठली, आणि मी तर जन्मात पोतं उचललं नव्हतं. आईनं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "बापाचं रगत हाय." मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! धाकट्या बहिणीला, सुरेखाला, एकाच पायावर होती. मी तिला चिडवायचो — तू अर्धीच बापाची.

वडील ऐन चाळिशीत गेले. यार्डातच, पाठीवर कांद्याचं पोतं असताना. सगळे म्हणाले, ओझ्यानं गेला. मीही तेच सांगत आलो. त्यात एक ताठा होता, खोटं कशाला बोलू — माझा बाप राबून मेला, असं म्हणताना मान वर व्हायची.

मग मी बी.कॉम. झालो. आमच्या अख्ख्या घराण्यात पहिला. हे मी आजही छाती काढून सांगतो, का सांगू नये? पण त्या डिग्रीनं नोकरीच्या आधी घरात एक गोष्ट दिली — शेवटचा शब्द. लाइटबिल असो, शाळेचा प्रवेश असो, कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट असो, सगळे म्हणायचे, "दादाला दाखवा, दादा शिकलेलाय." बी.कॉम.ला रक्तातलं काय कळतंय? पण मी वाचायचो आणि सांगायचो. आणि लोक मानायचे. त्याची चटक लागते हो. दारूपेक्षा वाईट.

तिशी नुकतीच ओलांडली होती, तेव्हा ऑफिसचे जिने चढताना छातीवर दाब यायला लागला. तपासण्या झाल्या, आणि एक दिवस मी टेबलावर आडवा होतो. पूर्ण जागा. डॉक्टरांनी मनगटातून एक तार आत सरकवली — मनगटातून, थेट हृदयापर्यंत! — आणि शेजारच्या पडद्यावर माझं स्वतःचं हृदय धडधडताना दिसलं. त्यांनी रंग सोडला, तशा काळ्या शिरा उमटल्या, पानगळीतल्या झाडासारख्या, आणि विरून गेल्या. एक फांदी मधेच तुटलेली. मग तिथे फुगा फुगवला, बारीकशी जाळी बसवली, आणि पुन्हा रंग सोडला, तर ती फांदी शेंड्यापर्यंत भरून आली. वरचा बांध फोडला की पाटात पाणी धावतं, तशी. मी देवळात इतका गप्प कधी झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले. वयस्कर, तुसडे. त्यांनी माझी छाती तपासली नाही. पायावरची चादर बाजूला केली आणि टाच चिमटीत धरली. मला वाटलं, हे भलत्याच पेशंटकडे आले.

"वडील कशानं गेले?"

"ओझ्यानं," मी म्हणालो. सवयीनं.

"पोत्यानं नाही मारलं त्यांना. यानं मारलं." आणि त्यांनी ती गाठ दाबली. "चरबी आहे ही. जन्मापासून साठत आलीय. टाचेत साठते ती दिसते, हृदयात साठते ती दिसत नाही."

विचार करा. या माणसानं माझ्या बापाला कधी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या टाचेवरून त्यानं त्याचं मरण वाचलं. मग त्यांनी सोप्या मराठीत समजावलं — रक्तातली वाईट चरबी उचलून घ्यायला लिव्हरला जणू हात असतात. आमच्या घराण्यात ते हात मुळातच निम्मे. खाण्यापिण्याचा दोष कमी, रक्ताचा जास्त. भावंडांत निम्मी शक्यता.

"बहीण आहे? घेऊन या. निघालं तर रोज एक गोळी, जन्मभर. जुनी, साधी गोळी आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. वेळेवर सुरू केली तर त्या टेबलावर यायची पाळी बहुतेक येणार नाही."

"तिचं लग्न ठरतंय," मी म्हणालो.

"मग? रक्त काढेपर्यंत वऱ्हाड थांबणार नाही का तुमचं?"

आता कळलं ना तुम्हाला, मी कुठे चाललोय ते?

स्थळ खडकीचं होतं. मुलगा तिथल्या दारूगोळा कारखान्यात कायम नोकरीत, वडीलही तिथूनच रिटायर झालेले, राहायला क्वार्टर. आमच्या दोन खोल्यांत ती माणसं बसली, सुरेखानं पोहे आणले, आणि मुलाच्या आईनं विचारलं, "घरात कुणाला काही आजारबिजार?" सरळ प्रश्न. माझ्या मनगटावरची खूण अजून पुरती गेली नव्हती. मी बाही खाली ओढली आणि म्हणालो, "काही नाही. वडील कष्टानं गेले."

लग्न झालं. छान झालं.

तुम्ही म्हणाल, लग्नाआधी घाबरलास, समजू शकतो. मग नंतर? नंतर काय अडचण होती? हेच तर. नंतर काहीच अडचण नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी पुढच्या खेपेला विचारलं, बहिणीचं काय झालं? मी म्हणालो, आणतो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारू नये म्हणून मी डॉक्टर बदलला. हो — ज्या माणसानं मला वाचवलं, त्याला टाळायला मी डॉक्टर बदलला. सुरेखाला मुलगी झाली, ओवी, तेव्हाही सांगता आलं असतं. पण सांगितलं की ती विचारणार, "तुला कधीपासून माहीत होतं, दादा?" या एका प्रश्नापायी मी दहा वर्षं गप्प राहिलो. दर वर्षी त्या प्रश्नाचं उत्तर आणखी लांबत गेलं.

आणि ती काय करत होती? माझ्या जाळीचं तिला माहीत होतं. मी सांगितलं होतं — ऑफिसचं टेन्शन, बाहेरचं खाणं. गोळ्यांचं विचारलं तर म्हणायचो, जाळी बसवलेल्यांना घ्याव्याच लागतात. तर ती खडकीहून माझ्यासाठी बिनतेलाच्या भाज्या पाठवायची, जवसाची चटणी पाठवायची. फोनवर दम द्यायची, "वडापाव खाल्लास तर बघ!" रोज जेवणानंतर मी माझी गोळी घ्यायचो. तिची गोळी मेडिकलच्या फळीवर पडून राहिली.

गेल्या वर्षी ओवीच्या शाळेत पालकसभा होती. तिथेच सुरेखाचा जबडा दुखायला लागला, घाम फुटला. बायका म्हणाल्या, पित्त असेल. तिच्या नवऱ्यानं वेळ घालवला नाही, म्हणून ती आज आहे. तीच मनगटातली तार, तीच जाळी. या वेळी मी काचेबाहेर होतो.

मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. चालतं हृदय तुम्ही पाहिलंय का कधी? मूठ आवळावी-सोडावी तसं ते सगळीकडून आवळतं, सुटतं. किती दमदार, न कंटाळता — कुणी सांगत नाही तरी. पण खालचा एक कोपरा हलत नव्हता. बाकी सगळं नाचतंय आणि तो तेवढा स्तब्ध. "तेवढा भाग गेलाय," त्या म्हणाल्या. मेलेला कोपरा परत जिवंत करण्यावर जगभर काम चालू आहे म्हणे, पण हातात देण्यासारखं आज काही नाही.

मग त्यांनी तिची टाच पाहिली. मग माझी. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा बहिणीला तपासायचं कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

त्या हळहळल्या. म्हणाल्या, "अजूनही डॉक्टर हे सांगत नाहीत." एका शब्दात मी त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना गुन्हेगार केलं. त्यांनी दोनदा सांगितलं होतं. स्वच्छ मराठीत.

वॉर्डात आणल्यावर सुरेखानं विचारलं, "दादा, हे आधी कळलं असतं तर?"

तेव्हा मी ते बोललो. तिचा हात हातात घेऊन बोललो. "आधी कळून उपयोग नव्हता गं. यावर औषधच नव्हतं. आता निघालंय."

यातली गंमत बघा — निघालं होतंच काहीतरी. म्हणून तर खोटं इतकं गुळगुळीत गेलं. तिला जे इंजेक्शन सुरू केलं, त्याची माहिती ऐकताना अंगावर काटा आला माझ्या. लिव्हरमध्ये एक पदार्थ तयार होतो, तो ते चरबी उचलणारे हात मोडत असतो. तो पदार्थ तयार करायचा निरोप पेशीत आतल्या आत जातो. हे औषध तो निरोपच वाटेत फाडून टाकतं. हात शाबूत राहतात. आणि सुरुवातीचे डोस झाले की वर्षातून फक्त दोन इंजेक्शनं! पुढच्या तपासणीत तिचा आकडा असा खाली आला की मी रिपोर्टवरचं नाव पुन्हा तपासलं. त्याच्याही पुढचं चाललंय म्हणे — एकदाच सलाईन लावायची आणि तो पदार्थ तयार करायची सूचनाच जन्मभरासाठी बंद करून टाकायची. अजून चाचण्या सुरू आहेत. माणसाच्या बुद्धीपुढे हात जोडावेसे वाटतात. मी जोडतोही, अगदी मनापासून. आणि याच चमत्कारामागे मी लपलो.

घरी आल्यावर सुरेखानं काय केलं असेल? पहिल्याच संध्याकाळी सासूला समोर बसवून सगळं सांगितलं. आजार रक्तातला आहे, बापाकडून आलाय, ओवीलाही असू शकतो. मी तिथेच होतो. दहा वर्षं ज्या बाईला घाबरलो, ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, आमच्याकडे सगळ्यांना शुगर आहे. पोहे खाताना आम्ही तरी कुठे सांगितलं तुम्हाला?"

आणि हसली. बस, एवढंच होतं ते.

ओवीचं रक्त तपासलं. तिलाही आहे. ती नऊ वर्षांची आहे, कोपरा-बिपरा काही गेलेला नाही, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता सुरू केलं तर ही मुलगी तुमच्या घरात म्हातारी होणारी पहिली असेल. मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, मामाचं प्रेम.

गेल्या महिन्यात खडकीला गेलो, तर सुरेखा नातेवाइकांना फोन लावत बसली होती. येरवड्याचा चुलतभाऊ, बार्शीची आत्या, आत्याची मुलं — एकेकाला सांगत होती, टाचा बघा, रक्त तपासा, आजच जा. मी दहा वर्षांत जे केलं नाही, ते ती एका दुपारी करत होती, अर्धवट हृदयानं. आत्यानं विचारलं असावं, इतकी वर्षं मग कसं कुणाला कळलं नाही? सुरेखा म्हणाली, "अगं, आधी औषधच नव्हतं यावर. दादा सांगतो ना."

समोर ओवीच्या गोळ्यांचं पाकीट पडलं होतं. तिला इंजेक्शन नाही, गोळीच दिलीय. लहान डोस. वरचं नाव कंपनीचं, वेगळं. खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव. माझंच. मी रोज जेवणानंतर घेतो तेच.

सुरेखानं फोन कानाला तसाच धरून ते पाकीट माझ्यापुढे केलं. "दादा, तू शिकलेला आहेस, नीट वाचून सांग आत्याला. नवीनच आहे ना हे?"

मी वाचलं. दोनदा वाचलं.

"हो," मी म्हणालो. "नवीनच आहे."

"बघ," ती फोनमध्ये म्हणाली, "दादानं वाचलं."