वाचवलेली बाटली

तिसगावच्या मालनबाईंची दिपाली नगरच्या एका कॉलेजात तीन वर्षं प्रयोगशाळा सहायक होती, तीही कंत्राटी. कामाला इतकी नेटकी की पोरं म्हणायची, दिपाली मॅडमच्या हातून थेंबही वाया जात नाही. हेच कौतुक पुढे तिच्या मुळावर आलं. त्या कॉलेजात साधं काचसामान मागवायचं तरी चार सह्या लागत. म्हणून महागाचं राखून ठेवायचं आणि स्वस्तात भागवायचं, ही सवय तिच्या हाडामासात भिनली होती.

दिवाळीच्या तोंडावर कंत्राट संपत होतं. तेवढ्यात जिल्ह्यातल्याच एका संशोधन केंद्रात पाच दिवसांचं प्रशिक्षण निघालं. पाण्यावाचून ठेवलेल्या ज्वारीच्या पानात एका प्रोटीनवर फॉस्फेट बसतं. ते बसलंय हे दाखवणारी काळी पट्टी, म्हणजे बँड, प्रत्येकानं स्वतःच्या हातानं आणायची. ज्याचा बँड सगळ्यात स्वच्छ, त्याला प्रकल्पात दोन वर्षांची नोकरी. जागा एकच.

घरी आईचा मणका गेलेला. दोन वर्षांपूर्वी दिपालीनंच तिचा कोयता आढ्याला खोचला होता आणि ऊसतोडीला पुन्हा जायचं नाही अशी शपथ घातली होती. आता गहिनीनाथ मुकादम परत फेऱ्या मारू लागला. मालनबाईंनी त्याला प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवसाचा, शुक्रवार संध्याकाळचा वायदा दिला. तोवर पोरीचं काय ते कळेल.

गुरुवारी दिपालीनं ज्वारीचं प्रोटीन कागदासारख्या पातळ पांढऱ्या पडद्यावर उतरवलं. फॉस्फेट शोधणारी अँटीबॉडी पडद्यावर भलतीकडे चिकटू नये म्हणून मोकळी जागा आधी झाकून घ्यावी लागते, त्यालाच ब्लॉकिंग म्हणतात. त्यासाठी शिकवणाऱ्या निकिता मॅडमनी प्रत्येकाला बीएसए नावाच्या शुद्ध प्रोटीनची छोटी बाटली दिली. दिपालीनं ती हातात फिरवून पाहिली. असली बाटली तिच्या कॉलेजात कधी आलीच नव्हती. तिथं ती दूध पावडरीवर भागवायची, आणि झकास भागायचं. बाटली आपल्या कॉलेजातल्या पोरांसाठी मागून नेऊ, असं ठरवून तिनं ती फ्रीजमध्ये ठेवली आणि कपाटातली दूध पावडर कालवली.

शुक्रवारी सकाळी पडदा कॅमेऱ्याखाली ठेवला, तर सगळा काळाकुट्ट. शेजारच्या टेबलावरच्या पार्थचा बँड मात्र पट्टीनं आखल्यासारखा.

"ब्लॉकिंगला काय घेतलंत?" निकिता मॅडमनी विचारलं. वयानं त्या तिच्याहून लहानच.

"दूध."

मॅडमनी पुढचं समजावून सांगायची गरजच नव्हती. कॉलेजात फॉस्फेट शोधायचं नसायचं म्हणून तिथं दूध चालायचं, पण दुधातल्या केसीन या प्रोटीनवरच फॉस्फेट असतं, आणि अँटीबॉडी जाऊन त्यालाच चिकटली होती. हे दिपाली स्वतः दुसऱ्या वर्षाच्या पोरांना दरसाल सांगायची. तोंड सांगत होतं, हात आपले सवयीनं चालत होते. आता बोला!

नमुन्याची एकच नळी मिळाली होती, ती संपलेली. दिपाली अक्षरशः हात जोडून उभी राहिली. मॅडमना दया आली. पडदा धुऊन पुन्हा करून बघा म्हणाल्या, पाच वाजेपर्यंत. या खेपेला तिनं बीएसएच्या बाटलीचं सील फोडलं. घाईत थोडी पावडर वजनकाट्यावर सांडली. जेवायलाही ती उठली नाही.

पाच वाजता पडदा लख्ख निघाला. काळेपणा गेला होता, आणि त्या जोरकस धुण्यात ज्वारीचं प्रोटीनही गेलं होतं. पट्टी नव्हतीच. मॅडमनी कागदावर पार्थचं नाव लिहिलं. यात त्यांचा दोष काढण्यासारखं काही नव्हतं, हेच दिपालीला सोसवेना.

जिन्यात फोन वाजला.

"काय गं, आली का ती पट्टी?"

"न्हाई आली, आई. माझ्याच हातनं गेली."

 मालनबाई म्हणाल्या, "लई जिवाला लावून घिऊ नको. गहिनीनाथ हितंच बसलाय. व्हय म्हनू का त्याला?"

नाही म्हणायला दिपालीनं तोंड उघडलं. पण नाही म्हटलं तर घर कशावर चालणार? मुठीत ती बाटली होती, अजून अर्धी भरलेली.

आईनं फोन बाजूला धरला. तरी दिपालीला सगळं ऐकू आलं. "व्हय, येते. आन् एवढा आढ्याचा कोयता काढून दे बाबा. माझा हात वर जात न्हाई."