यानाच्या पाठीमागचा चंद्र

मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवरून. वडील जुन्नरला एका छापखान्यात होते आणि अंधश्रद्धेच्या विरोधातली पत्रकं स्वतः लिहून, स्वतः छापून, स्वतःच वाटायचे. बाकीच्या मुली कमळ-खटारा करत होत्या तेव्हा मी 'ग्रामस्थहो, जागे व्हा!' वाचत होते. उद्गारचिन्ह हे बाराखडीतलंच एखादं अक्षर असावं, अशी माझी कितीतरी दिवस समजूत होती.

आता मी पुण्यात एका विज्ञानप्रसार मंडळासाठी मराठी माहितीपत्रकं लिहिते. सूर्यावर नजर लावून बसलेल्या अवकाशातल्या वेधशाळा, ताऱ्यांचे जन्म, दूरच्या दीर्घिका. लिहिते जरा तापूनच. दीर्घिकांवर तापण्यासारखं काही नसतं, पण हात वळतो तो तसाच.

त्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण होतं, तिकडे दक्षिण ध्रुवाकडे. भारतातून दिसणार नव्हतं, त्यामुळे आमच्या पिंपळवंडीत कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. जे ग्रहण आपल्याकडे दिसत नाही ते पाळायचं नाही, असं पंचांगातच असतं. घरात सगळ्यात खूश होती माझी वहिनी. तिला सातवा महिना होता, आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता नारायणगावला तिचा बी.ए.चा शेवटचा पेपर होता. भूगोलाचा. लग्नानंतर राहिलेलं शिक्षण ती द्राक्षाच्या बागेतून आल्यावर, बाहेरून, वर्षावर्षाने पुरं करत आणलं होतं. आता एकच पेपर उरला होता.

अशा सगळ्या सुरळीत चाललेल्या गोष्टीत मी सुट्टी काढून गावी आले आणि पत्रक काढलं.

'ग्रामस्थहो! भारतात न दिसणारं सूर्यग्रहण आपल्या गावात दिसणार! अवकाशातल्या सौर वेधशाळेच्या डोळ्यातून, सभामंडपातल्या पडद्यावर, दुपारी चार वाजता! भीतीला मूठमाती द्या!' गुलाबी कागद, जाड टाइप. दूध डेअरीपासून एसटी स्टँडपर्यंत मी ते हातोहात वाटलं. वडिलांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अजून एक उद्गारचिन्ह बसलं असतं." मी धन्य झाले.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी सकाळी देवळातले गुरवकाका डेअरीवर माझं पत्रक हातात धरून उभे होते.

"पंचांगात काय लिवलंय? दिसणार न्हाई म्हणून पाळू नये. आता पोरीनं दिसायची सोय केली. मग पाळाया नको?"

"लई अवघड झालं राव," किटली धरलेला एक जण म्हणाला. "आमच्याकडं उद्या लग्नाच्या बैठकीची पाव्हणी यायचीत. उपाशी बसवायचं का त्यांना?"

"त्ये तिला इचारा."

मी घरी पोहोचेपर्यंत बातमी माझ्याआधी पोहोचली होती. आईने वहिनीच्या हातातली विळी काढून घेतली होती आणि उद्याचं सगळं ठरवलं होतं: पहाटेपासून वेध, वहिनीने आतल्या खोलीत बसायचं, चिरायचं नाही, शिवायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही.

"आणि पेपर?" मी ओरडले.

"पेन टोकदार असतं," आई म्हणाली.

मी अख्खं व्याख्यान दिलं. पडद्यावरचं चित्र म्हणजे चित्र, ग्रहण नव्हे. पडद्यावर पाऊस पडला म्हणून आपण छत्री उघडतो का, वगैरे. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"माझं गुडघं दुखत्यात म्हणून गेल्या चतुर्थीला तू काय म्हणालीस? लेण्याद्रीच्या पायऱ्या चढू नको, मोबाइलवर आरती बघ, दर्शन घडलं म्हणून समज. म्हणालीस का न्हाई?"

"म्हणाले."

"मग मोबाइलमदी गणपती दिसतो आन् पडद्यावर ग्रहण दिसत न्हाई व्हय? एक कायतरी धर."

पत्रकांनी वाढलेल्या माणसाला विरोधकाचं बोलणं खोडता येतं. स्वतःचंच आलं की तोंड बंद होतं. भाऊ कोपऱ्यात मोटरसायकलची चावी फिरवत बसला होता. आईपुढे बोलायची त्याची छाती नव्हती, आणि आता माझीही राहिली नव्हती.

दुपारी वहिनीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर तिने उलटी परात, एक लसणाची पाकळी, एक वाटाणा आणि एक बटाटा ओळीत मांडला होता.

"ताई, परात म्हंजे सूर्य, बटाटा आपली पृथ्वी. तुमचं यान पृथ्वीपासनं किती लांब?"

"पंधरा लाख किलोमीटर. सूर्याच्या बाजूला."

"आन् चंद्र?"

"चार लाखांच्या आसपा..." आणि मी वाटाण्याकडे पाहिलं.

तिने लसणीवर, म्हणजे यानावर, बोट ठेवलं. वाटाणा लसूण आणि बटाट्याच्या मध्ये होता. "मंग चंद्र तर यानाच्या पाठीमागं ऱ्हातो. त्याला ग्रहण दिसंल कसं? त्याला तर सूर्य रोजच्यासारखा गोलच दिसणार."

बागेतून येऊन अभ्यास करणाऱ्या बाईच्या जे लक्षात आलं, ते माझ्या, माहितीपत्रकं लिहिणारीच्या, आलं नव्हतं. मी मंडळात फोन करून खात्री करून घेतली. पलीकडचे गृहस्थ आधी हसले, मग म्हणाले, "तुम्ही छापलं तर नाही ना?"

वडिलांना सांगितलं तर ते पांढरे पडले. "आपण आजवर खुलासा छापलेला न्हाई. एकदा चूक कबूल केली की पुढचं पत्रक कोण वाचंल?"

"आणि नाही केली तर वहिनी एक वर्ष मागे पडेल."

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "छापायला टाइम न्हाई. भोंग्यावर सांग."

देवळाचा भोंगा! त्याच्या आवाजाविरुद्ध मागच्या दिवाळीत मीच पत्रक काढलं होतं. संध्याकाळच्या आरतीनंतर गुरवकाकांनी माइक माझ्या हातात दिला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ते पत्रक स्पष्ट दिसत होतं.

"ग्रामस्थहो," मी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यापुढे उद्गारचिन्ह आलं नाही. "माझ्या पत्रकात चूक आहे. यान चंद्राच्या पलीकडे आहे. त्याला ग्रहण दिसणार नाही. ही चूक आमच्या वहिनीने काढली."

काकांनी माइक परत घेतला. "भारतात दिसणार न्हाई, यानाला दिसणार न्हाई. सबब पाळू नये."

दुसऱ्या दिवशी आईने दहीभाताचा डबा भरला आणि दोन पेनं वहिनीच्या पिशवीत स्वतः ठेवली. "सावकाश बसव रं हिला," ती भावावर खेकसली, जणू कालपासून अडवत होता तोच.

चार वाजता सभामंडपात बरीच माणसं जमली. पडद्यावर नारिंगी सूर्य आला, पुरा, गोल, कुठेही न तुटलेला.

"बघा," मी म्हणाले, "काही झालेलं नाही."

"हेच बघाया बोलावलं व्हय?" मागून एक आजोबा म्हणाले, पण उठले नाहीत. सूर्यावरचा एक काळा डाग दाखवला तर सगळे पुढे सरकले.

सहाला वहिनी आली. पेपर चांगला गेल्याचं चेहऱ्यावरूनच कळलं. पेपरात ग्रहण नव्हतं, नद्यांच्या गाळाचा प्रश्न होता, आणि तिने पुरवणी घेतली होती. आईने तिच्यापुढे चहा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढचं पत्रक आधी हिला दाखीव. मंग छाप."