इथं वहिनी नावाचं स्टेशन नाही

मला सूड घ्यायचा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. काही बायका दागिने सांभाळतात, मी राग सांभाळते. आणि हा राग तर मी चांगली पाच-सहा वर्षं लोणच्यासारखा मुरवला.

नव्वदच्या दशकात नाशकात आम्ही हॅम रेडिओवाले मोजकेच होतो. हॅम म्हणजे हौशी. घरात स्वतःचं रेडिओ स्टेशन लावायचं, गच्चीवर अँटेना उभी करायची आणि जगभरातल्या तशाच वेड्यांशी बोलायचं. त्यासाठी सरकारी परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं. लायसन्सबरोबर कॉलसाइन मिळते, म्हणजे काही अक्षरं आणि एक आकडा. हवेत तेच तुमचं नाव. जात, गाव, नवऱ्याचं आडनाव, काही विचारत नाही कुणी. मी सातपूरच्या एका कारखान्यात टेस्टिंगला होते. मोर्सची परीक्षा दिली, पास झाले आणि कॉलसाइन हातात आली तेव्हा मी पेढे वाटले होते. लग्नानंतर माझ्या एकटीच्या नावावर आलेली ती पहिली गोष्ट.

पण आमच्या मंडळात मला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. मी सगळ्यांची वहिनी. आमच्या ह्यांना रेडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं, लायसन्स माझं होतं, तरी मी वहिनी! असो.

मंडळाचे मुख्य म्हणजे साहेब. निफाडकडं द्राक्षबागा, गंगापूर रोडला बंगला आणि बंगल्यामागं मोटरवर फिरणाऱ्या अँटेनाचा उंच टॉवर. माणूस बोलायला गोड, पण नाकानं कांदे सोलणारा. वर्षातून एकदा मोठी जागतिक स्पर्धा असते, शनिवार-रविवार. त्या दोन दिवसांत जास्तीत जास्त देशांतल्या जास्तीत जास्त लोकांशी संपर्क करायचा. आम्ही सगळे साहेबांच्या स्टेशनवर आळीपाळीनं बसून एकत्र भाग घ्यायचो.

त्या वर्षी रविवारी सकाळीच साहेबांचा घसा बसला. बाकीचे जेवायला गेले होते. मी खुर्चीत बसले, हेडफोन चढवला आणि एकदा हाक दिली. अगं बाई! जपानी नुसते तुटून पडले. एकाच वेळी इतके जण हाका मारतात की बाजारातला कलकलाट परवडला. त्यातून एकेक आवाज वेचायचा, उत्तर द्यायचं, पुढचा घ्यायचा. माझा आवाज बारीक, तो त्या गोंगाटातून सुईसारखा पार जायचा. दुपार कशी गेली कळलं नाही. तोवर साहेबांनी गरम पाण्याच्या गुळण्या केल्या होत्या. ते मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, जरा चहाचं बघता का?"

मी उठले. सगळ्यांसाठी चहा टाकला. परत आले तर साहेब खुर्चीत, आणि माझे जपानी त्यांच्या घशात.

काही महिन्यांनी प्रशस्तिपत्र आलं. साहेबांनी फ्रेम करून लावलं. त्यावर स्टेशन चालवणाऱ्या सगळ्यांच्या कॉलसाइन होत्या. जो गडी फक्त वायरी गुंडाळत होता त्याचीसुद्धा. माझी नव्हती. मी सर्वांसमोर विचारलं, "साहेब, माझी राहिली का?"

साहेब हसले. "अहो वहिनी, तुम्ही किचन सांभाळलंत की! पुढच्या वेळी अन्नपूर्णा म्हणून वेगळी ओळ घालू."

सगळे हसले. मला न्यायला आलेले आमचे हेसुद्धा हसले. ह्यांचं मी घरी गेल्यावर बघितलं, चांगला आठवडाभर फोडणीशिवायचं वरण दिलं. पण साहेबांचं काय करायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. त्या क्षणी मी मनात ठरवलं, या माणसाच्या तोंडून माझी कॉलसाइन वदवून घ्यायची. बंद खोलीत नाही, जगासमोर. तोवर याच्या स्टेशनची पायरी चढायची नाही.

मग वर्षं गेली. ह्यांची बदली, सासूबाईंचं आजारपण, स्वतःचं घर. इंदिरानगरला फ्लॅट घेतला तो वरच्या मजल्यावर, गच्ची मिळावी म्हणून. हे म्हणाले, "उन्हाळ्यात तापेल." मी म्हटलं, "तापू दे, मी काय कमी तापलेली आहे?" एक जुना ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलायचा-ऐकायचा सेट, मिळवला. पेठ तालुक्यातले बांबू आणले, मोटर वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली आणि दहा मीटर लांबीच्या लहरींच्या बँडसाठी अँटेना बांधली. दोन मोठे चौकोन, एकामागं एक. खालच्या काकू म्हणाल्या, "संक्रांत होऊन गेली की गं, पतंग कधी उतरवणार?" फिरवायला मोटर नव्हती, दोरी होती. युरोपकडं तोंड करायचं तर ह्यांना गच्चीवर पाठवायचं. त्या हसण्याची भरपाई त्यांनी अशी दोरी ओढून ओढून केली.

दोन हजार सालाच्या आसपास सूर्यावरचे डाग वाढले आणि दहा मीटरचा बँड असा उघडला की विचारू नका. दुपारी नुसती तार हलवली तरी युरोप बोलायचा. पण या बँडची एक गंमत आहे. इथली लहर वर जाते आणि हजारो मैलांवर उतरते. मधली गावं तिच्या पोटाखालून सुटतात. म्हणजे नाशकातून जर्मनी खणखणीत ऐकू येतो आणि पुणं ऐकू येत नाही. फक्त आपल्याच गावातलं स्टेशन तेवढं सरळ कानावर येतं.

आणि स्पर्धेत गुण कसे मिळतात? नुसत्या संपर्कांचे नाही. प्रत्येक बँडवर जितके वेगवेगळे देश लागतील, तितक्यांनी एकूण गुणांना गुणायचं. त्यात आपला स्वतःचा देशसुद्धा धरतात. म्हणजे साहेबांना दहा मीटरवर भारत हवा असेल तर भारतातला कुणीतरी एक लागणार. गावातल्या बाकी कुणाकडं दहा मीटरची अँटेना नव्हती, म्हणजे दहा मीटरवर त्यांना ऐकू येईल असं भारतातलं स्टेशन एकच होतं. मी!

आलं ना लक्षात? मला हे जेव्हा उमगलं तेव्हा मी भाकरी थापत होते. हातातली भाकरी तशीच परातीत ठेवून मी एकटीच हसले.

त्या वर्षी साहेब एकट्यानं उतरले होते. आशियातली पहिल्या नंबरची पाटी घ्यायचीच, असं गावभर सांगून झालं होतं. पाटीसाठी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता म्हणे. शनिवारी दुपारी मी एक जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, धरून हाका देत होते. इटली, पोलंड, फिनलंड, रांग लागली होती. मध्येच माझ्या जागेच्या अगदी कडेला ओळखीचा खाकरा ऐकू आला. साहेबांचा माइक आवाजावर आपोआप सुरू व्हायचा. ते येऊन ऐकत होते. बोलले नाहीत. थोड्या वेळानं गेले. संध्याकाळी पुन्हा आले, पुन्हा खाकरले, पुन्हा गेले. मांजर दुधाभोवती फिरतं तसं चाललं होतं.

रविवारी दुपारी घरचा फोन वाजला. मंडळातला एक जण होता. "वहिनी, साहेब म्हणतायत, जरा त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर येऊन एक कॉन्टॅक्ट देऊन टाका. त्यांना इंडिया हवाय."

"फोनवर ठरवलेला कॉन्टॅक्ट नियमात बसत नाही," मी म्हटलं. "साहेबांनीच शिकवलंय मला. हवं असेल तर त्यांनी माझ्याकडं यावं, रांगेत उभं राहावं, सगळ्यांसारखं."

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. ऊन कलायला लागलं, बँड मिटायची वेळ आली, आणि साहेबांनी हाक मारली. माझ्या सेटवरचा सिग्नलचा काटा थेट शेवटाला जाऊन चिकटला. मी ऐकलं न ऐकलं केलं आणि एका स्पॅनिश माणसाला घेतलं. मग एका हंगेरियनला. साहेब ओरडतच होते.

आता त्यांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. आवाज दूरवर जावा म्हणून साहेबांनी माइकचा जोर आणि अॅम्प्लिफायर दोन्ही पार टोकाला नेऊन ठेवले होते. त्यामुळं आवाज प्रचंड यायचा, पण फाटलेला. लग्नाच्या वरातीतला कर्णा जसा. जवळ आहेत म्हणून माझाच रिसीव्हर गुदमरतोय की काय, असंही वाटलं. मी येणारा सिग्नल कमी करायचं बटण दाबलं, अँटेनाची केबलसुद्धा काढून पाहिली. फाटका तो फाटकाच. गावातल्या सगळ्यांना हे माहीत होतं आणि साहेबांना सांगायची कुणाची छाती नव्हती. परदेशातलेही सांगायचे नाहीत, कारण स्पर्धेतला रिवाज. संपर्क झाला की आवाज कसा येतोय त्याचा रिपोर्ट द्यायचा असतो, दोन आकडी. पहिला आकडा किती समजतंय त्याचा, पाचपर्यंत. दुसरा किती जोरात येतंय त्याचा, नऊपर्यंत. पण स्पर्धेत घाई असते म्हणून सगळे सगळ्यांना डोळे मिटून "फाइव्ह नाइन"च देतात. समोरचा खोल विहिरीतून बोलत असला तरी फाइव्ह नाइन. कॉम्प्युटरवर नोंद ठेवायला लागल्यापासून तर तो आकडा आपोआपच भरलेला असतो.

शेवटी मी साहेबांना घेतलं. त्यांची कॉलसाइन म्हटली आणि इंग्रजीत विचारलं, "माझी कॉलसाइन बरोबर घेतलीत का? कृपया सांगा."

तसं कुणी विचारत नाही. पण विचारलं तर उत्तर द्यावं लागतं.

मग साहेब चक्क मराठीत म्हणाले, "अहो वहिनी, मी बोलतोय!"

"इथं वहिनी नावाचं स्टेशन नाही," मी म्हटलं. "माझी कॉलसाइन सांगा."

सगळा युरोप थांबला होता. रांगेतला कुणीतरी हसल्याचंही ऐकू आलं. आणि मग साहेबांनी माझी कॉलसाइन म्हटली. एकेक अक्षर, सुटं सुटं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा म्हटली, आता वरच्या पट्टीत.

"नीट समजलं नाही. पुन्हा."

तिसऱ्यांदा म्हटली. खोटं कशाला बोलू, इतकं सुख मला मंगळसूत्र घालताना झालं नव्हतं. मग मी त्यांना रिपोर्ट दिला. खराखुरा दिला. आवाज नऊ, समजणं तीन. "थ्री नाइन. पुन्हा सांगते, थ्री नाइन."

"थँक्यू, फाइव्ह नाइन!" साहेब म्हणाले आणि गेले.

ऐकलंच नव्हतं त्यांनी. आमच्यात अशा माणसाला मगर म्हणतात, तोंड मोठं आणि कान बारीक. मी मागून हाक दिली, "थ्री नाइन, कन्फर्म?" कुणी नव्हतं. मी माझ्याकडं थ्री नाइन अशी नोंद केली आणि पुढच्या पोर्तुगीजला घेतलं.

त्या स्पर्धेत दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून पाहतात. एकानं दिलेला रिपोर्ट दुसऱ्यानं जसाच्या तसा घेतलेला नसेल तर घेणाऱ्याचा संपर्क बाद. निकाल आला तेव्हा साहेबांचा माझ्याशी झालेला संपर्क उडाला होता. त्याबरोबर दहा मीटरवरचा भारत उडाला आणि तेवढ्यानं पाटी दुसऱ्या एका देशातल्या माणसाकडं गेली.

मी मेथी निवडत बसले होते, तेव्हा बेल वाजली. दारात साहेब. पहिल्यांदाच आमचे तीन जिने चढून आले होते, दम लागला होता.

"वहिनी, हे काय केलंत? सगळे फाइव्ह नाइन देतात!"

"सगळे खोटं बोलतात. तुमचा आवाज फाटतो, साहेब. गेली किती तरी वर्षं फाटतोय."

ते गोरेमोरे झाले. हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, ते माझ्या दारात, खालच्या काकू जिन्यात उभ्या असताना कळलं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, ते असू दे. आयोजकांना एक पत्र टाका. रिपोर्ट देताना तुमच्याकडून चूक झाली असं लिहा. ते ऐकतील. बायकांचं ऐकतात."

"कुणाकडून चूक झाली म्हणून लिहू?"

"तुमच्याकडून."

"म्हणजे कुणाकडून? पत्रात वहिनी चालत नाही."

साहेबांनी जिन्यात पाहिलं. आतून आमचे हे पेपर घेऊन बाहेर आले होते, या खेपेला हसत नव्हते. साहेबांनी घसा खाकरला आणि रेडिओ नाही, माइक नाही, माझ्या उंबऱ्यासमोर उभं राहून माझी कॉलसाइन म्हटली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

"पुन्हा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा म्हटली.

"थ्री नाइन," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.