खाली अजून मजकूर हाय

रेहाना बागवान यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. कुणाचा संगणक अडला की त्या त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहत, हात पाठीमागे बांधत आणि विचारत, "काय केलासा?" उत्तरही ठरलेलं असे. "काही नाही केलं, मॅडम." मग पडद्याकडे बघतच त्या म्हणत, "काय न्हाय केलं असं कोण म्हणालं की मला जास्त भ्या वाटतंय. ज्यानं थोडं केलंय तो सांगतो काय केलं ते. काय न्हाय म्हणणाऱ्यानं सगळं केलेलं असतंय."

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका दैनिकाने पानं संगणकावर लावायला सुरुवात केली होती आणि उपसंपादकांनी ती स्वतः लावावीत, असं मालकांचं म्हणणं होतं. ते काम शिकवायला रेहानाबाई आल्या. तिशीही गाठलेली नव्हती. घर मंगळवार पेठेत, वडिलांचा फळांचा गाडा. कोल्हापूरच्या मुली बोलतात तशा त्या 'मी येतो, मी सांगतो' असंच बोलत आणि पुण्याहून आलेले पाहुणे त्यामुळे एकदा वळून बघत. संगणकांची खोली वातानुकूलित होती. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. एप्रिलमध्ये शिकायला येणाऱ्यांची संख्या अचानक वाढे आणि शिकणाऱ्यांची तेवढीच राहे.

त्या दुसऱ्याच्या माउसला हात लावत नसत. हात पाठीमागे बांधण्याचं कारण हेच. "मी करून दिलं तर मशीन चालू हुईल, तुम्ही न्हाय हुणार," असं त्या सांगत. मात्र बोलण्यावर असा कोणताही बंध नव्हता. एक बातमीदार आपली प्रत्येक बातमी 'बातमी' या नावानेच साठवून ठेवी. दुसऱ्या दिवशी 'बातमी नवी', तिसऱ्या दिवशी 'बातमी नवी खरी', आठवड्याअखेर 'बातमी आजची खरी शेवटची'. ती सापडत नाही म्हणून तो ओरडू लागला तेव्हा रेहानाबाईंनी शांतपणे विचारलं, "पोरांची नावं ठेवताना पण असंच केलासा काय? थोरला, थोरला नवा, थोरला खरा?" गुन्हेवार्ता लिहिणारे एक ज्येष्ठ सहकारी रोज फक्त पडदा बंद करून घरी जात. संगणक पावसाळाभर सुरूच होता. "अंधार झाला की मॅडम, मला वाटलं झोपलं," असा त्यांचा खुलासा होता.

तालुक्याचे वार्ताहर तेव्हा बातम्यांचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे देत. त्यातले काही उत्साही लोक कागदाऐवजी फ्लॉपी पाठवू लागले. गगनबावड्याची फ्लॉपी पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून येई आणि तरीही दमट असे. रेहानाबाई ती टेबलफॅनसमोर उभी करून ठेवत. तेवढ्यात वार्ताहराचा फोन येई. "मॅडम, पोचली न्हवं? वाटेत बातमी सांडली न्हाय न्हवं?" त्या म्हणत, "निम्मी सांडलीया. तुम्ही नेहमी लांब लिवतासा, त्यामुळं बरं झालं."

राग अगदीच अनावर झाला तर त्या बाहेर जात, चपला घालत, व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत येत, चपला काढत आणि पुन्हा खुर्चीमागे उभ्या राहत. व्हरांड्यात चपलांचा आवाज आला की आत कुणीतरी काहीतरी विचारलं, हे सगळ्यांना कळे. त्या वर्षी पावसाळ्यानंतर तो आवाज बहुतेक वेळा शिवाप्पा अण्णांमुळे येत होता.

शिवाप्पा मगदूम मूळचे गडहिंग्लजकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. आपल्यापेक्षा लहान बाईलाही ते मानाने 'अक्का' म्हणत, म्हणून रेहानाबाईही त्यांच्या अक्का. तालुक्यांचं पान त्यांच्याकडे होतं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. जिल्ह्यातल्या प्रत्येक वार्ताहराचं अक्षर त्यांना ओळखू येई. कुणाच्या गावाहून कोणती एसटी किती वाजता माघारी फिरते आणि कोण कुणाशी बोलत नाही, हेही ठाऊक असे. हे पान सोडून दुसरं काही करावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. संगणकाला त्यांचा विरोध नव्हता. "शिकवा की अक्का," ते म्हणत, "डोकं हाय, फक्त बोट म्हातारं झालंय."

त्यांची चूक मात्र बोटाची नव्हती. पडद्यावर प्रत्येक बातमी एका चौकटीत असे. चौकट लहान आणि बातमी मोठी असली तर चौकटीच्या खालच्या कडेला छोटा लाल त्रिकोण दिसे. रेहानाबाईंनी तो सगळ्यांना पहिल्याच दिवशी दाखवला होता. "लाल दिसलं म्हंजे खाली अजून मजकूर हाय." अण्णांनी मान डोलावली होती. पण अण्णांच्या आजवरच्या नोकरीत बातमी लांबली की खालून कापायची, अशीच रीत होती. म्हणून ते चौकटीची खालची कड वर सरकवत. शेवटच्या ओळी दिसेनाशा होत. अण्णांच्या मते त्या कापल्या गेल्या.

पन्हाळा तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचांचा नव्या पाण्याच्या टाकीबद्दल सत्कार झाल्याची बातमी आली. वार्ताहरांची पद्धत अशी की बातमी संपली की खाली अण्णांसाठी दोन खाजगी ओळी लिहायच्या. या बातमीखाली लिहिलं होतं, 'अण्णा, सरपंचांनी फार तगादा लावला म्हणून पाठवतोय. जागा असली तर टाका, नाही तर टोपली आहेच.' अण्णांनी नेहमीप्रमाणे चौकट वर सरकवून त्या ओळी झाकल्या आणि ते घरी गेले. पान छपाईला जाण्याआधी एक जाहिरात रद्द झाली. खाली जागा मोकळी पडली. रात्रपाळीच्या ऑपरेटरने सत्काराची चौकट खाली ओढली. झाकलेल्या ओळी बाहेर आल्या आणि जिल्हाभर छापून गेल्या.

सकाळी सरपंच दोन माणसांसह जीपमधून आले. अंक त्यांनी घडी घालून अण्णांच्या टेबलावर ठेवला.

"अण्णा, ह्यातला तगादा लावणारा सरपंच म्हंजे मीच न्हवं?"

"व्हय," अण्णा म्हणाले. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

"सकाळपास्नं गावात वाचन चाललंय. पारावर झालं, डेअरीत झालं, आमच्या घरात झालं. घरात सगळ्यात मोठ्यांदा झालं."

"बसा पावणं, च्या घ्या."

"घेतो की. टोपलीत तर टाकला न्हाईसा, तेवढे उपकार."

चहा झाला, सरपंच हसतच गेले. मालक हसले नाहीत. त्यांनी अण्णांना आणि रेहानाबाईंना बोलावून घेतलं. दसऱ्यापर्यंत अण्णांनी स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय, पान लावून दाखवायचं. नाही जमलं तर पान दुसऱ्याकडे जाईल आणि अण्णांनी वाचकांची पत्रं बघायची. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "पत्रं कसली बघायची अक्का? पान गेलं तर मी हितं यायचं कशाला? पंख्याखाली बसाय?"

"जात न्हाय पान," रेहानाबाई म्हणाल्या. "मी शिकवतो." आवाजात खात्री होती. ती पुढच्या काही दिवसांत बरीच कमी झाली. त्या लाल त्रिकोण दाखवत, अण्णा मान डोलावत आणि पुढची बातमी लांबली की चौकट वर सरकवत.

"परत का सरकवलासा?"

"कापलं की."

"कापलं न्हाय, झाकलं."

"दिसतंय का?"

"न्हाय दिसत."

"मग कापलं."

व्हरांड्यात चपलांचा आवाज. परत आल्या तेव्हा त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. "अण्णा, पूर्वी कसं कापत हुता, ते दाखवा मला." अण्णा उठले. जुन्या पद्धतीत मजकूर चकचकीत कागदावर छापून निघे आणि त्या पट्ट्या पानावर चिकटवत. तशी एक पट्टी, पोलादी फूटपट्टी आणि ब्लेड घेऊन ते आले. मजकुराची पट्टी टेबलावर ठेवली, खालच्या चार ओळींवरून ब्लेड फिरवलं. तुकडा जमिनीवर पडला. अण्णांनी त्याच्याकडे न बघता पायाने तो टेबलाखालच्या टोपलीकडे ढकलला. ब्लेडकडे कुणाचंही लक्ष गेलं असतं. रेहानाबाई पायाकडे बघत होत्या.

"हां," त्या म्हणाल्या. "तुमचं कापणं पायापाशी संपतंय. हितं काय खाली पडतच न्हाय, अण्णा. हितं सतरंजीगत गुंडाळून ऱ्हातंय. लग्न झालं म्हणून सतरंजी जाती का? पुढच्या लग्नात कोणतरी उलगडणारच."

अण्णांनी विचार केला. "आणि आत कुणाची तरी चप्पल सापडणार."

"सापडली की परवा. सरपंचाची."

त्या दिवसापासून अण्णा नको असलेल्या ओळी निवडून पुसून टाकू लागले आणि मग प्रत्येक चौकट पानाच्या तळापर्यंत खाली ओढून, आत काही उरलं नाही ना, हे बघू लागले. याला ते 'सतरंजी झाडणं' म्हणत. थोड्याच दिवसांत सगळं संपादकीय खातं तसं म्हणू लागलं. पान पाठवण्याआधी कुणीतरी विचारी, "झाडलं का?" पुढे नवी सॉफ्टवेअर आली, लाल त्रिकोण गेला, हा शब्द टिकला. त्याचं मूळ ठाऊक नसलेली मुलंही तो वापरत होती.

रेहानाबाई दोन हजारनंतर काही वर्षांनी लग्न होऊन मिरजेला गेल्या. तिथे त्यांनी संगणकाचे वर्ग चालवले. पन्नाशीच्या पुढच्यांची तुकडी वेगळी असे आणि ती त्या स्वतः घेत. जुन्या सहकाऱ्यांनी फोन केला की आधी तक्रारींचा पाढा वाचत. एका निवृत्त प्राचार्यांनी माउस हवेत धरून पडद्याकडे रोखला, एका आजींनी पासवर्ड कुणाला सांगायचा नाही म्हणून संगणकालाही सांगितला नाही. "डोकं फिरतंय माझं," त्या म्हणत आणि आणखी एक किस्सा सांगायला सुरुवात करत. वर्ग बंद करण्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. अण्णा आपल्या पानावरूनच निवृत्त झाले. आता ते नाहीत. ते पान त्यांच्याकडे कसं राहिलं, एवढं सांगायचं राहतं.

खंडेनवमीच्या दुपारी मालक संगणकाच्या खोलीत आले. बूट काढायला त्यांना वेळ लागला, कारण ते याआधी कधी आत आले नव्हते. ते अण्णांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. रेहानाबाई कोपऱ्यातल्या टेबलाशी पाठ करून बसल्या आणि एका माउसच्या पोटातली गोळी काढून पुसू लागल्या. ती गोळी आधीच स्वच्छ होती.

अण्णांनी पान लावलं. सावकाश लावलं. ते पूर्ण होत आलं तेव्हा मालक म्हणाले, "खालची जाहिरात काढा."

अण्णांनी जाहिरात काढली. तळाशी मोठी जागा रिकामी पडली. अण्णांनी वरच्या बातमीची चौकट धरली आणि पार खाली ओढली. आत एकही ओळ आली नाही. पांढरी चौकट तशीच राहिली.

"हे रिकामं का?" मालकांनी विचारलं.

"शिल्लक काय ठेवलंच न्हाय, साहेब."

मग त्यांनी राखून ठेवलेल्या बातम्यांतून गगनबावड्याच्या घाटात दरड कोसळल्याची बातमी उचलली आणि त्या जागी बसवली. बातमी लांब निघाली. लाल त्रिकोण दिसला. कोपऱ्यातलं गोळी पुसणं थांबलं. अण्णांनी शेवटचा परिच्छेद वाचला. त्यात वार्ताहराने आपल्या भावाच्या दुकानात पाणी शिरल्याचं सविस्तर लिहिलं होतं. अण्णांनी तो निवडला आणि पुसला. चौकट खाली ओढून झाडली, परत जागेवर आणली. त्रिकोण गेला होता.

मालक मागे वळले. "बाई, वेळ फार लागला."

"लागला," रेहानाबाई न वळता म्हणाल्या. "पण सरपंच परत येणार न्हाईत."

मालक हसले. "पान अण्णांकडेच राहू दे," ते म्हणाले आणि बूट घालायला बाहेर गेले. ते दूर जाताच आपापल्या पडद्यामागे बसलेले सगळे एकदम बोलले.

दुसऱ्या दिवशी दसरा. कार्यालयाला सुट्टी होती, पण सकाळी छपाईयंत्राच्या पूजेला सगळे जमत आणि मग एकमेकांना सोनं देत. सोनं म्हणजे आपट्याची पानं. ती धाकट्याने थोरल्याला द्यायची, ही रीत. अण्णा पांढरी टोपी घालून आले, वाटेत कुणाजवळ न थांबता संगणकाच्या खोलीत गेले आणि रेहानाबाईंसमोर उभे राहिले.

"अक्का, सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा."

"अण्णा, मी बारकी हाय. मी तुमच्याकडं यायचं असतंय."

"शिकवलं कुणी?"

अण्णा वाकून सोनं समोरच्या कीबोर्डवर ठेवू लागले.

"टेबलावर ठेवा," रेहानाबाई म्हणाल्या. "कीबोर्डवर नगं. पानं आत जात्यात."